याझूचे अल्बम कसे ऐकावेत आणि त्यांवर परीक्षण कसं लिहावं

ऐंशीच्या दशकातल्या सिंथ-पॉपवर, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर उभ्या असलेल्या पॉप संगीतावर, कुणी लिहायला बसलं, आणि त्यातून गायिका भरदार आवाजाची असली, की एक वाक्य हमखास येतं: यंत्रांचा थंडपणा आणि आवाजाची ऊब यांचा सुरेख संगम. वाक्य खोटं नाही, पण ते डझनभर अल्बमना जसंच्या तसं चिकटतं. मग या एका अल्बमबद्दल वाचकाला काय कळलं? ऊब कुठून येते, यंत्र नेमकं काय करतं आणि दोघांतलं अंतर कुठे वाढतं, कुठे मिटतं, हे कानाने पकडून दाखवलं तरच परीक्षणाला अर्थ आहे.

याझू या ब्रिटिश जोडीचे दोन अल्बम त्यासाठी उत्तम तालीम आहेत. यंत्रांपाशी विन्स क्लार्क, माइकसमोर ॲलिसन मॉये. दोघंही लंडनच्या पूर्वेला, एसेक्समधल्या बॅसिल्डनचे. क्लार्क डेपेश मोड या सिंथ-पॉप बँडच्या संस्थापकांपैकी. त्या बँडच्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी त्याचीच, पण १९८१ संपता संपता तो बाहेर पडला. मॉये तिकडच्याच पंक आणि ब्लूज बँडमध्ये गात होती. साथीदार हवेत म्हणून तिने ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकात जाहिरात दिली आणि फोन आला तो क्लार्कचा. त्याच्यापाशी ‘ओन्ली यू’ हे गाणं तयार होतं, डेमोसाठी, म्हणजे नमुन्याच्या ध्वनिमुद्रणासाठी, आवाज हवा होता. डॅनियल मिलरच्या म्यूट रेकॉर्ड्सने ते मार्च १९८२ मध्ये काढलं आणि सर्वाधिक खपाच्या गाण्यांच्या ब्रिटिश यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. ऑगस्ट १९८२ मध्ये ‘अपस्टेअर्स ॲट एरिक्स’ आला. त्यातला एरिक म्हणजे ब्लॅकविंग स्टुडिओचा एरिक रॅडक्लिफ. हा स्टुडिओ लंडनमधल्या एका जुन्या चर्चमध्ये होता. जुलै १९८३ मध्ये ‘यू अँड मी बोथ’ दुकानात येईपर्यंत जोडी फुटलेली होती, तरी तो पहिल्या क्रमांकावर चढला. बँडचं नावही ब्लूजमधूनच आलेलं: जुनं ब्लूज पुन्हा छापणाऱ्या याझू या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीवरून. पुढे कायद्याची भानगड नको म्हणून अमेरिकेत त्यांना ‘याझ’ व्हावं लागलं.

क्लार्कचं यंत्र काय करत होतं

मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी डिजिटल पद्धत, आली १९८३ मध्ये. त्याआधी सिंथेसायझरला सूर सांगायचा तो विजेच्या दाबाने: प्रचलित पद्धतीत एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. हे दाब क्रमाने पाठवण्यासाठी क्लार्क रोलंडचा एमसी-४ वापरायचा. या यंत्राला सुरांच्या पट्ट्या नाहीत, आकड्यांची बटणं आहेत. प्रत्येक सुरासाठी निदान तीन आकडे भरायचे: सूर कोणता, पुढचा सूर किती वेळाने, आणि हा सूर त्यातला किती वेळ वाजत राहणार. शेवटच्या आकड्याला गेट म्हणतात. परीक्षण लिहिणाऱ्याने आणखी काही नाही तरी हा गेट समजून घ्यावा.

समजा एका मात्रेचे १२० भाग केले. पाव मात्रेचा सूर हवा तर दुसरा आकडा ३०. आता गेट २८ दिला तर हा सूर पुढच्याला जवळजवळ टेकतो, ओळ सलग वाटते. गेट १२ दिला तर सूर टुणकन वाजून थांबतो आणि उरलेले १८ भाग शांतता. चाल तीच, वेग तोच, पण दुसऱ्या प्रकारात दर सुरामागे एक फट तयार होते. मॉयेचा श्वास, शब्दाच्या शेवटचं व्यंजन, आवाजातली किंचित खरखर या सगळ्या गोष्टी त्या फटींतून ऐकू येतात. ‘डोन्ट गो’ची सुरुवातीची प्रसिद्ध धून ऐकताना सूर कुठे सुरू होतो याकडे सगळ्यांचं लक्ष जातं; तो कुठे तुटतो तिकडे कान लावा.

दुसरी गोष्ट. क्लार्कचे सिक्वेन्शल सर्किट्सचा प्रो-वन आणि एआरपी २६०० हे सिंथेसायझर एका वेळी एकच सूर काढणाऱ्या जातीचे. तीन सुरांची संगती एकदम दाबून धरणं हे त्यांचं काम नव्हे. मग एक तर ते तीन सूर एकामागोमाग फिरवत ठेवायचे, नाही तर टेपवर एकावर एक स्वतंत्र थर चढवायचे. दर थराला पुन्हा सूर लावायचा आणि जुन्या ॲनालॉग यंत्राचा सूर तापमानाबरोबर सरकतो, त्यामुळे दोन थर शंभर टक्के जुळत नाहीत. ती किंचितशी तफावत कानाला जाडी म्हणून कळते. तेव्हा ‘थंड, निर्जीव यंत्र’ असं लिहिण्याआधी हे ध्यानात असू द्या. ही यंत्रं कागदावर जितकी काटेकोर होती तितकी टेपवर नव्हती. मात्र थर चढवण्याचा खटाटोप मोठा, म्हणून क्लार्क नेमकेच थर ठेवतो, आणि गाणं विरळ राहतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एमसी-४ गायिकेचं ऐकत नाही. ड्रमर ऐकतो: गायिका ओळ लांबवतेय म्हटल्यावर तो कणभर थांबतो, ती चढली की जोर लावतो. इथे आकडे एकदा भरले की भरले. तबल्याच्या सोलोला पेटीवर फिरणारा लेहरा आठवा. लेहरा जागचा हलत नाही, म्हणून तबलजी समेला किती आधी आला, किती मागे रेंगाळला, हे नीट कळतं. क्लार्कच्या फिरत्या सुरांनी मॉयेसाठी तेच केलं. जिवंत बँडबरोबर जे मागेपुढे होणं सगळ्यांत वाटून जिरून गेलं असतं, ते इथे उघडं पडतं.

सोल आवाजात कुठे असतो

सोल ही कृष्णवर्णीय अमेरिकनांची भावनेने ओथंबलेली गायकी, पण नुसतं मोठ्याने गायलं म्हणजे सोल नव्हे. अमेरिकन गॉस्पेल (चर्चमधलं भक्तिगायन) आणि ब्लूजमधून आलेल्या काही ठरावीक खुणा आहेत आणि त्या ऐकून मोजता येतात.

पहिली खूण सुराची. ब्लूजमधला गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो. तो दोहोंच्या मधे कुठेतरी लावतात, किंवा एकावरून दुसऱ्याकडे ओढतात. आपल्या कानाला मींडेची सवय असल्याने हे पटकन सापडतं. क्लार्कचं यंत्र मात्र ठरवून दिलेल्या बारा सुरांवरच चालतं. मॉये मधल्या जागेवर जाते तेव्हा खालचा सिंथ शुद्ध गंधारावर ठाम असतो, किंवा क्लार्कने शहाणपणाने ती जागा मोकळी सोडलेली असते. या दोन्हींत काय घडतंय ते लिहिलंत की ‘आवाजात दर्द आहे’ असं वेगळं लिहावं लागत नाही.

दुसरी खूण लयीची. शब्द ठोक्यावर पडतो, आधी पडतो की मागे? ठोक्यामागे एका सेकंदाचा विसावा भाग रेंगाळलं तरी ते आरामात जाणवतं. मॉये ओळीची सुरुवात बऱ्याचदा नेमकी करते आणि शेवट सैल सोडते. तिसरी खूण हरकतींची, म्हणजे एका अक्षरावर किती सूर फिरवले याची. त्या बाबतीत ती भलतीच कंजूष आहे. सोल गायिका म्हटलं की हरकतींची लड अपेक्षित असते. हिचा भर वजनावर, अक्षराच्या धक्क्यावर आणि हात राखून गाण्यावर. ‘ओन्ली यू’मध्ये तर तिने ताकद जवळजवळ वापरलेलीच नाही, आणि गाणं टिकलं ते म्हणूनच.

आवाजाची जात काँट्राल्टो, म्हणजे स्त्री-आवाजातली सगळ्यात खालची. या आवाजाच्या मूळ सुरांची कंपनसंख्या ढोबळमानाने १७५ ते ७०० हर्ट्झ. सिंथ-बास त्याच्या खाली, बहुतांशी ५० ते १५० मध्ये. फिरत्या सुरांची चमक १,००० च्या वर. मधला पट्टा मोकळा राहतो आणि मॉये तो भरून टाकते. शिवाय गायिका एकाच दिशेचा आवाज टिपणाऱ्या माइकच्या जवळ गेली की खालची कंपनं आपोआप फुगतात, त्यामुळे हलक्या आवाजात गायलेल्या ओळीही जड वाटतात. हा माइकचा गुण आहे. तो गायिकेच्या खात्यावर किती मांडायचा हे ठरवण्यासाठी तीच गायिका ताकदीने गाते तेव्हाचा खालचा सूर ताडून बघा.

ऐकण्याची पद्धत

आधी साधनं नीट करा. फोनमधलं इक्वलायझर, बास वाढवणारं बटण, ‘स्पेशियल ऑडिओ’ सगळं बंद. आवाजाची पातळी एकदा मध्यम ठेवून तिला पुन्हा हात लावू नका. पातळी वाढली की कानाला बास आणि वरचा झणका दोन्ही जास्त ऐकू येतात आणि तुलना तिथेच बिघडते.

एलपीवर ऐकत असाल तर तबकडीचा वेग तपासा. वेग दोन टक्क्यांनी जास्त असला तर सूर अर्धस्वराच्या साधारण एक तृतीयांशाने चढतो. एरवी हे कुणाच्या लक्षात येणार नाही, पण काँट्राल्टो आवाज तेवढ्याने पातळ होतो, आणि पहिल्या अल्बममध्ये आवाजाला वजन कमी आहे असा भलताच निष्कर्ष निघतो. दुसरं म्हणजे तबकडीच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला ५० सेंटिमीटरच्या आसपास वेगाने सरकते, तर मध्याजवळ हा वेग २१ पर्यंत उतरतो. तेवढ्याच जागेत जास्त माहिती कोंबली जाते, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटतात. ब्रिटिश एलपीवर ती पाळी ‘इन माय रूम’ आणि ‘ब्रिंग युअर लव्ह डाउन’ यांच्यावर येते. तिथे आवाज कर्कश वाटला तर गायिकेला बोल लावण्याआधी तेच गाणं डिजिटल आवृत्तीत ऐका.

मग फेऱ्या. पहिली फेरी सलग, न थांबवता, न लिहिता. दुसऱ्या फेरीत फक्त यंत्र: एका वेळी किती वेगळे आवाज वाजतायत ते मोजा आणि कडवं बदलताना कोणता आवाज आला, कोणता गेला, ते मिनिट-सेकंदासह टिपा. याझूमध्ये ही संख्या बहुतेक वेळा हाताच्या बोटांवर मावते. तिसऱ्या फेरीत फक्त आवाज: श्वास कुठे घेतला, शब्द ठोक्याच्या कोणत्या बाजूला पडला, सूर कुठे ओढला, मागे तिचाच दुसरा थर आहे का. चौथी फेरी फोनच्या छोट्या स्पीकरवर. तिथे २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही पोचत नाही, बास गळून पडतो. तरीही गाणं उभं राहिलं तर चाल आणि गायन भक्कम. ढेपाळलं तर ते बासच्या जोरावर चाललं होतं.

चाल किती पक्की आहे हे तपासायला ‘ओन्ली यू’ला आयता पुरावा आहे. फ्लाइंग पिकेट्स या वाद्यांशिवाय गाणाऱ्या गटाने ते १९८३ मध्ये नुसत्या गळ्यांवर गायलं आणि त्या वर्षीच्या नाताळात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. दोन्ही पाठोपाठ ऐकलीत की क्लार्कच्या फिरत्या सुरांचं काम किती आणि चालीचं किती, हे वेगळं करता येतं.

एक घटक बदलून बघा

याझूवर लिहिणाऱ्याला एक सोय मिळते ती फार थोड्या बँडच्या बाबतीत मिळते. यंत्रापाशी माणूस तोच, गायक तीन: १९८१ चा डेपेश मोडचा ‘स्पीक अँड स्पेल’ डेव्ह गाहनच्या आवाजात, १९८२ चं ‘अपस्टेअर्स ॲट एरिक्स’ मॉयेच्या, आणि १९८६ चा, क्लार्कच्या पुढच्या जोडीचा, म्हणजे इरेजरचा ‘वंडरलँड’ अँडी बेलच्या. तिन्हींतली दोन-दोन गाणी एका बैठकीत ऐका. गाहन त्या वयात ठोक्याला चिकटून गातो, त्यामुळे आवाज आणि यंत्र एकाच कापडाचे वाटतात. बेल उंच पट्टीत उडतो, सिंथच्या चमकेच्या जवळ जातो. मॉयेच तेवढी खाली आणि मागे राहते.

आता उलट करा. आवाज तोच, यंत्रापाशी माणसं वेगळी. मॉयेचा पहिला स्वतंत्र अल्बम ‘आल्फ’ नोव्हेंबर १९८४ मध्ये सीबीएसने काढला. निर्मिती टोनी स्वेन आणि स्टीव्ह जॉली यांची, म्हणजे बनानारामा आणि स्पँडाऊ बॅलेचे हिट घडवणाऱ्या जोडीची. ‘ऑल क्राइड आउट’ ऐका. ड्रमला मोठा गुंजारव, मागे लांब धरलेल्या सुरांची चादर, फटी बुजलेल्या. आवाज तितकाच थोर आहे, कदाचित जास्त तयार. पण त्याला आता जागा मिळत नाही, जागा मिळवावी लागते. म्हणून ती जास्त जोराने गाते. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, म्हणजे श्रोत्यांची तक्रार नव्हती. कानाची तक्रार मात्र राहते. १९८७ च्या ‘रेनडान्सिंग’मध्ये ही चादर आणखी जाड झाली. २०१३ च्या ‘द मिनिट्स’मध्ये गाय सिग्सवर्थबरोबर ती पुन्हा इलेक्ट्रॉनिक वाद्यांकडे वळली, ऐंशीच्या दशकावरच्या लेखात तो अल्बम नकोच, पण स्वतःसाठी जरूर ऐका.

लिहिताना

सातशे-आठशे शब्दांत अकराच्या अकरा गाण्यांना हात लावायला गेलात तर प्रत्येकाच्या वाट्याला एकेक विशेषण येतं. तीन किंवा चार गाणी निवडा आणि प्रत्येकात एक जागा वेळेसह दाखवा. ‘अपस्टेअर्स’साठी निवड अशी करता येईल: यंत्राची पकड दाखवायला ‘डोन्ट गो’, हात राखून गाणं दाखवायला ‘ओन्ली यू’, ब्लूज दाखवायला ‘मिडनाइट’, आणि जवळजवळ रिकाम्या जागेत आवाज काय करतो ते दाखवायला ‘विंटर किल्स’.

गाणं कुणी लिहिलं हे बघायला विसरू नका. ‘डोन्ट गो’ आणि ‘ओन्ली यू’ क्लार्कची. ‘मिडनाइट’ आणि ‘विंटर किल्स’ मॉयेची. क्लार्कच्या चाली चौकोनी, आखीव. मॉयेच्या ओळी श्वासाच्या हिशेबाने लांब-आखूड होतात. मॉयेला ‘क्लार्कची गायिका’ म्हणून मोकळं होणाऱ्याच्या नजरेतून अर्धा अल्बमच निसटतो. दुसऱ्या अल्बमचं गाजलेलं ‘नोबडीज डायरी’ही तिचंच.

कमअस्सल गोष्टींना प्रयोग म्हणून माफी देऊ नका. ‘आय बिफोर ई एक्सेप्ट आफ्टर सी’ हा बोललेल्या वाक्यांच्या टेपचा गुंता एकदा ऐकायला मजेदार आहे, नंतर हात आपसूक पुढच्या गाण्याकडे जातो. ‘इन माय रूम’मध्येही मागे बोलणं आहे, ख्रिस्ती प्रार्थनेचं, पण तिथे समोर मॉये गाते आणि त्या पठणाला काहीतरी टेकू मिळतो. हा फरक लिहिण्यासारखा आहे.

गायिकेच्या दिसण्यावर, अंगकाठीवर एक शब्दही नको. ‘गोरी असून काळ्यांसारखी गाते’ हे तर बादच. ती वाक्यं कानातून येत नाहीत. जुन्या आठवणींचा उमाळाही आवरता घ्या. १९८२ साली जन्मलेलाही नसलेल्या वाचकाला हा अल्बम आज का ऐकावा ते हवं असतं. त्याला ओळखीचं टोक द्यायचंच असेल तर ‘सिच्युएशन’मधलं मॉयेचं हसू ऐकवा. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या गॅदरिंगांपर्यंत पोचलेल्या ‘मॅकारेना’च्या रिमिक्समध्ये जे खिदळणं आहे, ते इथून उचललेलं आहे.

‘सिच्युएशन’वरून आवृत्तीचा मुद्दा निघतो. ब्रिटनमध्ये ते ‘ओन्ली यू’च्या मागच्या बाजूला होतं, मूळ एलपीवर नव्हतंच, अमेरिकन आवृत्तीत ते आहे. तेव्हा परीक्षणाच्या माथ्यावर कोणती आवृत्ती ऐकली ते लिहून टाका. नंतरच्या रीमास्टरची (मूळ टेपवरून नव्याने तयार केलेल्या आवृत्तीची) मूळ छपाईशी तुलना करणार असाल तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण एखाददुसऱ्या डेसिबलने मोठी असलेली आवृत्ती नेहमीच ‘जास्त स्पष्ट’ वाटते.

पाचपैकी तारे द्यायचेच झाले तर पहिल्या अल्बमला साडेचार. अर्धा त्या टेपच्या गुंत्यापायी गेला. दुसऱ्याला चार. दुसऱ्यात गाण्यांची पातळी जास्त सारखी आहे, मॉयेचं लेखन पुढे गेलंय, पण दोघांनी आपापलं काम बहुतांशी वेगवेगळ्या वेळी येऊन उरकलं आणि ते काही ठिकाणी कळतं: यंत्र आवाजासाठी जागा ठेवतं ती अंदाजाने, समोर उभी असलेल्या गायिकेकडे बघून नव्हे. ‘हॅपी पीपल’ तर मॉयेने गायलाच नकार दिला, म्हणून ते क्लार्कच्या आवाजात आहे, आणि नकार बरोबर होता असं ऐकताना वाटत राहतं. अमेरिकन आवृत्तीत त्याच्या जागी ‘स्टेट फार्म’ घातलंय. निवड करता येत असेल तर ती आवृत्ती घ्या.